आई, माझ्यासाठी थांबू नको

प्रिय आई, बाबा,

फोनवर तू रडतेस आणि बाबा लगेच "ठेव आता" म्हणतात, म्हणून लिहून राहिलो. कंपनीजवळ बुटीबोरीला घेतलेल्या रूमचं डिपॉझिट देऊन झालं, गादी पण आली, त्यामुळे "एकदा विचार कर" आता म्हणू नका. कोणी काही बोललं म्हणून घर सोडून नाही गेलो. बाबा, तुम्ही तर नाहीच.

त्या मंगळवारी वर्धा रोडवर ट्रक आडवा झाला होता, नाईटवरून येणारी आमची बस मेडिकल चौकात सकाळी सव्वाआठऐवजी पावणेदहाला पोचली. घरात आलो तर बाबा बँकेत गेलेले, तू ओट्याखाली फरशीवर बसलेली, घामानं ओलीचिंब, हातात चिमटा तसाच, आणि मला पाहून काय म्हणते तर "हात धू, पोळ्या गरम आहेत". शुगर 58, म्हणजे फारच खाली. साडेसातला शुगरची गोळी घेतली आणि माझी वाट पाहत बसलीस नं! ती ग्लिमेपिराइड आहे आई, पोटात गेली की शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तू जेवली की नाही ते ती पाहत नाही.

म्हणजे ड्युटी माझी आणि शिफ्ट तू करून राहिली होतीस. मी सेकंडला असलो की रात्री साडेबारापर्यंत जागी, फर्स्टला चार वाजता उठून डब्बा, नाईटला सकाळी उपाशी. बाबांच्या प्लांटच्या वेळी पण हेच केलंस, पण तेव्हा तुझं वय होतं. रात्री बाबा आले की मी डोळे चोळत उठायचो, त्यांच्या ताटातला चून-भाकरीचा पहिला घास माझा, ती चव अजून जिभेवर आहे, पण तू कधी जेवायचीस हे मी एकदाही पाहिलं नाही.

आता माझं, घाबरू नको. कंपनीच्या चेकअपमध्ये तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) 6.1 टक्के निघाली. डायबिटीस नाही, 5.7 ते 6.4 ही त्याच्या आधीची पायरी. रात्री तीनला डोळे मिटायला लागले की कॅन्टीनचा आलूबोंडा, चार-पाच चहा, बाकीचे सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटतात (मी नाही, तुझी शपथ, एकदा सोडून), सकाळी उतरलो की तर्री-पोहे आणि वरून घरी तुझं भरलेलं ताट, मग तसंच झोपायचं. डॉक्टर म्हणाल्या, रात्री इन्सुलिनचं काम ढिलं पडतं, तेच जेवण दिवसापेक्षा रात्री शुगर जास्त वाढवते. म्हणून मोठं जेवण संध्याकाळी ड्युटीच्या आधी, रात्री थोडे फल्लीदाणे, दही, सकाळी हलकं खाऊन झोप. पहाटेचा चहा बंद, पाच-सहा तासांनी पण त्याचा अर्धा असर अंगात राहतो. बाबा हसू नका, शरीरातल्या या घड्याळावर 2017 चं नोबेल मिळालंय, ते पण केळावरच्या बारक्या माशीवर काम करून. आणि आई, तू वाढत असताना "पुरे" म्हणणं मला या जन्मात जमणार नाही, तुला माहीत आहे.

इथे मस्त आहे गं. गेटपासून दहा मिनिटं पायी, साडेसातला मी झोपलेला असतो. खिडकीला आजीची तपकिरी चादर ठोकली, दुपारी बारालाही अंधार. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, नवतप्याचं नऊ दिवसांचं ऊन निघून जाईल. डब्बा देणाऱ्या काकू बुधवारी पाटोडी करतात, तुझ्यासारखी नाही, तर्री पातळ असते, पण चालते.

आता ऐका. आई, गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचं, मग कोणी येवो न येवो. मनानं गोळी बंद करायची नाही, पुढच्या वेळी डॉक्टरांना हा 58 चा किस्सा बाबांनीच सांगायचा, तू लपवशील. हात थरथरले की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मशीन लावायची. बाबा, मशीनच्या पट्ट्या संपल्या की सांगा, मी पाठवतो, आणि सकाळी बँकेत जायचंच असेल तर तिला जेवू घालून जा.

रविवारी येतोच आहे. वडाभात कर. पण मी दुपारी दोनला येईन, तुम्ही बाराला जेवून घ्या, माझं झाकून ठेव. आणि उद्यापासून गोळीचा फोटो नको, खरकट्या ताटाचा पाठव.

तुमचा,
बाळू