डाग मोजता, मायलिनही मोजू द्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मेंदूचे एमआरआय वाचणे हे माझे रोजचे काम. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे चेतातंतूंवरचे मायलिन नावाचे वेष्टण झडण्याचा आजार. त्याच्या रुग्णाचा नवा स्कॅन आला की मी डाग मोजते, मागच्या स्कॅनशी ताडून पाहते आणि लिहिते, ‘नवीन डाग नाही’. रुग्ण मात्र सांगत असतो, पाय आणखी जड झालेत. खोटे कोणीच बोलत नसते. फ्लेअर या नेहमीच्या एमआरआय चित्रात सूज, झडलेले मायलिन, तुटलेले तंतू आणि जुना व्रण सगळे सारखेच पांढरे दिसतात. शिवाय जिथे चित्र स्वच्छ दिसते, तिथेही मायलिन विरलेले असू शकते.

चेतातंतूंवरचे हे स्निग्ध वेष्टण नेहमीच्या एमआरआयला थेट दिसत नाही, कारण त्याचा सिग्नल फार लवकर विझतो. पण त्याच्या पापुद्र्यांत अडकलेले पाणी पकडता येते. या पाण्याचा टी-टू, म्हणजे सिग्नल विझण्याचा काळ, १० ते २० मिलिसेकंदांच्या आसपास असतो, बाकीच्या पाण्याचा कित्येक पट जास्त. या फरकावरून जिवंत माणसाच्या मेंदूतले मायलिन-पाणी १९९४ मध्येच मोजले गेले. मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर ही पद्धत तर १९८९ ची; तिच्यात मायलिनसारख्या घट्ट रेणूंवर रेडिओ लहरी सोडून आजूबाजूच्या पाण्याचा सिग्नल किती घटतो ते मोजतात. दोन्हींना ना इंजेक्शन लागते, ना क्ष-किरण.

माझी मागणी एवढीच. मायलिनच्या आजारांच्या फेरतपासणीत सरकारी रुग्णालयांनी मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर नियमित करावे. स्कॅन काही मिनिटांनी लांबेल, नवे मशीन सहसा लागणार नाही. मात्र सेटिंग सगळीकडे एकच ठरवून द्या आणि शक्यतो रुग्णाचा फेरस्कॅन त्याच मशीनवर होऊ द्या. सेटिंग बदलले की आकडा बदलतो, मग तुलना कशाशी करायची? लहान मुलांसाठी वयानुसार वेगळे प्रमाण हवे. पहिल्या दोन वर्षांत मायलिन झपाट्याने चढते, त्यामुळे मोठ्यांचे आकडे त्यांना लावून चालत नाही.

मॅग्नेटायझेशन ट्रान्सफरचा हा आकडा निव्वळ मायलिनचा नसतो. सुजेनेही तो घसरतो, म्हणून एकट्या आकड्यावर उपचार ठरवू नयेत, हेही आदेशात स्पष्ट लिहावे.

मायलिन पुन्हा वाढवणारी औषधे अजून चाचण्यांतच आहेत, मग आत्ताच मोजायची घाई कशाला, असे आपल्याला सांगितले जाईल. पण ज्यांची आज नोंदच झाली नाही, त्यांना उद्या औषध मिळाले तरी मायलिन परतले की नाही, हे मी कशाच्या आधारे सांगू?

आपली नम्र,
एक रेडिओलॉजिस्ट