हॉर्न कोणासाठी वाजवायचा

मालवण

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाडी तुझ्या नावावर झाली आणि तू एकटीने हातखंब्यापर्यंत जाऊन परत आलीस, हे ऐकून तुझ्या आईला आणि मला फार आनंद झाला. रविवारी फोनवर तू म्हणालीस की रत्नागिरीच्या राम आळीत मागून हॉर्न वाजू लागले की जीव घाबरा होतो आणि मग आपलाही हात पुढच्यासाठी हॉर्नवर जातो. ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

तू सातवीत होतीस तेव्हाची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. तुझी आजी सकाळी बाजारपेठेतून मासळी घेऊन परत येत होती आणि मी समोरच्या दुकानात होतो. आपल्या पेठेतला रस्ता किती अरुंद आहे हे तुला सांगायला नको. दोन्ही बाजूंना दुकानांच्या पायऱ्या थेट रस्त्यावर उतरतात आणि चालणाऱ्याला वेगळी जागाच उरत नाही. आजीच्या मागे एक मोटार आली आणि चालकाने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. आजीला तोवर ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते, त्यामुळे ती आपल्या चालीने चालत राहिली. शेवटी गाडी अगदी पाठीशी आली तेव्हा इंजिनाची ऊब की सावली, काय जाणवले कोण जाणे, ती दचकून वळली आणि नेमकी गाडीच्याच बाजूला सरकली. पिशवी सुटली, बांगडे रस्त्यावर पसरले, आणि काचेतून डोके बाहेर काढून तो गृहस्थ ओरडला, "ऐकू येत नाही का?" खरोखरच येत नव्हते. मी धावत जाऊन तिला धरले तेव्हा तिचा हात थरथरत होता. त्यानंतर ती पेठेतून जाताना एक हात भिंतीला लावून चालत असे. त्या दिवसापर्यंत मीही पेठेत तसाच हॉर्न वाजवीत असे, हे तुला आज सांगतो.

ज्याने आपल्याला पाहिलेले नाही आणि पाहिले नाही तर ज्याला इजा होईल, त्याला सावध करण्यासाठी हॉर्न असतो. एखादे मूल चेंडूमागे रस्त्याकडे येऊ लागले, उभ्या गाडीचे दार तुझ्यासमोर उघडू लागले, कोणी मागे न पाहता गाडी मागे घेऊ लागला, तर एकदा, थोडक्यात, वाजव. पण त्याआधी पाय ब्रेकवर गेलेला असला पाहिजे. पुढची रिक्षा उतारू घेण्यासाठी थांबली आहे आणि तिला पुढे जायला वाट नाही, तेव्हा हॉर्नने काहीही होत नाही. म्हातारे माणूस पुढे चालत असेल तर त्याच्या चालीने मागे राहा आणि रस्ता रुंद झाला की अंतर ठेवून पुढे जा. त्यात फार तर मिनिटभर जाईल.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-एफ घालण्यात आले; त्यानुसार विनाकारण, सतत किंवा सुरक्षिततेसाठी लागतो त्यापेक्षा अधिक हॉर्न वाजवणे, तसेच मनाईचा फलक असलेल्या ठिकाणी तो वाजवणे, हा गुन्हा असून पहिल्या वेळी १००० रुपये आणि पुढे प्रत्येक वेळी २००० रुपये दंड ठरवण्यात आला. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र जाहीर करता येते, आणि तेथे हॉर्नला मनाई असते. तुझ्या गाडीला आधीच्या मालकाने सुरावटीचा हॉर्न बसवलेला आहे, असे तू म्हणालीस. एकामागून एक वेगवेगळे स्वर काढणाऱ्या आणि कर्कश हॉर्नला केंद्रीय मोटार वाहन नियमांत बंदी आहे, तेव्हा तो याच आठवड्यात काढून साधा बसवून घे. ट्रकच्या मागे रंगवलेल्या 'हॉर्न ओके प्लीज' या अक्षरांनाही राज्याच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये मनाई केली, कारण ती अक्षरे हॉर्न वाजवण्याचे आमंत्रणच देत होती.

घाटाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तेथे हॉर्न वाजवायला संकोच करू नकोस. साखरप्याहून आंबा घाट चढताना पुढचे वळण दिसत नाही, पावसाळ्यात धुके उतरले की रस्त्याची कडही दिसत नाही. वळणात शिरण्याआधी गाणी बंद कर, काच थोडी खाली घे, दोनदा हॉर्न दे आणि पलीकडून उत्तर येते का ते ऐक. रात्री दिव्यांचा झोत वळणापलीकडे आधी पोहोचतो, म्हणून तेव्हा डिपर द्यावा. अरुंद जागी समोरासमोर आलात तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. तू उतरत असशील तर तूच थांब. गावात ऊठसूट वाजवून आपण लांडगा आला रे आला असे करून ठेवले आहे, त्यामुळे खऱ्या वळणावरचा हॉर्नही लोक कानाआड करतात, याचे मला फार वाईट वाटते.

पावसाळ्यात महामार्गावर गुरे बसलेली असतात. त्यांच्याजवळ जाऊन हॉर्न वाजवलास तर ती बुजून कोणत्याही बाजूला उठतील; वेग कमी करून हळूच बाजूने काढ.

मागचा हॉर्न वाजवतो म्हणून घाबरून वेग वाढवू नकोस. आरशात पाहा, रुग्णवाहिका असेल तर लगेच डावीकडे घेऊन थांब, आणि तसे नसेल तर जागा मिळताच सिग्नल देऊन बाजूला हो व त्याला जाऊ दे.

आता गणपतीबद्दल. दर वर्षी मुंबईच्या गाड्या पहाटे तीन-चार वाजता वाडीत शिरतात आणि फाटक उघडण्यासाठी हॉर्न देतात. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात आणीबाणीवाचून हॉर्न वाजवायचा नाही, असा ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत स्पष्ट नियम आहे, पण आपल्या वाडीला नियम सांगायची गरज नाही: शेजारच्या काका-काकूंची झोप एकदा मोडली की ती पुन्हा लागत नाही, आणि गेल्या वर्षी काकूंनी तसे मला बोलून दाखवले. तू रात्री पोहोचणार असशील तर कसालला महामार्ग सोडताना गाडी बाजूला लावून फोन कर. मी पडवीतला दिवा लावून फाटक उघडून ठेवीन आणि दगडी कुंपणाच्या गडग्यापाशी येऊन उभा राहीन.

तुझे,
बाबा