चुन्याऐवजी सिमेंट, बुजवलेला मागाचा खड्डा आणि परत न आलेला दरवाजा

दि. २२ सप्टेंबर
सोलापूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : 'वारसा पॅकेज'खाली आमच्या घराचे केलेले काम कराराप्रमाणे नसल्याबाबत

महोदय,

साखर पेठेतील आमच्या जुन्या घराची दुरुस्ती आणि परसात दोन मजली वाढीव बांधकाम हे काम आम्ही गेल्या वर्षी जूनमध्ये आपल्या कंपनीकडे सोपवले. ठरलेली रक्कम १८ लाख ४० हजार रुपये, त्यांपैकी १५ लाख आम्ही वेळच्या वेळी भरले. संक्रांतीच्या आत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे यायच्या आधी घर ताब्यात देऊ, असे आपल्या माणसांनी सांगितले होते. किल्ली हातात पडली फेब्रुवारीच्या शेवटी. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला आलेल्या मावशी-आत्यांची सोय आम्हाला भाड्याच्या घरात करावी लागली. या उशिराबद्दल मी आज लिहीत नाही.

लिहितो आहे ते भिंतींबद्दल. समोरचा सोपा आणि माजघर यांच्या भिंती काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या आणि वरून चुन्याचा गिलावा केलेल्या. जुना गिलावा पडला असेल तिथे चुन्याचाच गिलावा करायचा, हे करारात स्वच्छ लिहिले आहे आणि त्याचा वेगळा जादा दर आपण लावला आहे. कळीचा चुना भिजवून मुरवायचा, वाळूबरोबर चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळायचा, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालायचे, हे आपल्याच प्रतिनिधीने आईला समजावून सांगितले होते. ते ऐकूनच आईने होकार दिला. प्रत्यक्षात दिवाळीत आम्ही आठ दिवस गावाला गेलो तेवढ्यात दोन्ही खोल्यांना सिमेंटचा गिलावा झालेला होता. विचारले तर सुपरवायझर म्हणाले, "चुना आता कोण वापरतंय? सिमेंट त्याच्यापेक्षा पक्कं."

पक्के आहे, हीच तर अडचण आहे. अशा भिंती जमिनीतली ओल वर ओढतात. चुन्यातून ती ओल हळूहळू वाळून जाते. सिमेंटने तिची वाट अडते आणि ती आत साठत राहते. आमच्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात. या महिन्यात माजघराच्या भिंतीला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लोणा फुटला आहे, हात लावला की पांढरी भुकटी बोटाला लागते. देवळीच्या खाली पोपडे सुटून आतली माती दिसते आहे. आजोबांनी बांधल्यापासून या भिंतीला कधी ओल आली नव्हती. परसातल्या नव्या खोल्यांत सिमेंट आणि स्लॅबला आमची हरकत नव्हती, आजही नाही. ते काम चांगले झाले आहे, हेही मी प्रामाणिकपणे लिहितो.

दुसरी गोष्ट खड्डामागाची. सोप्याच्या उजव्या कोपऱ्यात माझ्या वडिलांचा हातमाग होता. खड्ड्यात पाय सोडून, पावड्या दाबत त्यांनी तिथे वर्षानुवर्षे लुगडी विणली. काठावर बसून आई सुताच्या कांड्या भरायची. पॉवरलूम आल्यावर माग मोडीत गेला, पण खड्डा आम्ही कधी बुजवला नाही. त्याच्या कडेची शहाबादी फरशी वडिलांच्या बसण्याने गुळगुळीत झालेली आहे. तो साफ करून वर जाड काच आणि आत दिवा बसवायचा, असे आराखड्यात होते. या घराचे काम 'वारसा' म्हणून करून घ्यायचे ठरले तेच मुळी या खड्ड्यामुळे. आपल्या माणसांनी त्यात मुरूम भरला आणि वर व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या. त्याच कोपऱ्यातल्या भिंतीला सोलापुरी चादरीच्या नक्षीचा वॉलपेपर चिकटवला आणि बिलात 'वारसा सजावट' म्हणून ४२ हजार रुपये लावले. ज्या जागी खरा माग चालला, ती जागा झाकून तिथे चादरीचे चित्र लावावे, हे मला अजून समजलेले नाही. आई पहिल्या दिवशी सोप्यात आली, त्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिली आणि न बोलता माजघरात गेली.

तिसरे, दिंडी दरवाजा. गणेशपट्टी असलेला सागवानी दरवाजा पॉलिशसाठी म्हणून ऑक्टोबरमध्ये नेला. त्या जागी सागवानासारखा दिसणारा लॅमिनेटचा दरवाजा बसवला आहे. जुना कुठे आहे, याचे उत्तर चार वेळा फोन करूनही मिळालेले नाही. नेताना दिलेली पावती माझ्याकडे आहे.

आमच्या मागण्या अशा. दरवाजा १५ दिवसांत परत मिळावा. सोपा आणि माजघरातला सिमेंटचा गिलावा काढून कराराप्रमाणे चुन्याचा करून द्यावा, आणि तो खरोखर चुन्यात काम केलेल्या गवंड्याकडून करून घ्यावा, घाई करू नये. खड्डा मोकळा करावा. वॉलपेपरचे ४२ हजार बिलातून वजा करावेत. हे होईपर्यंत उरलेले ३ लाख ४० हजार आम्ही देणार नाही. ३० दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू. करार, आराखडा, पावत्या, भिंतींचे फोटो यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

खड्ड्याच्या कामाला माणसे पाठवण्याआधी एक दिवस कळवावे. मुरूम काढताना आईला तिथे बसायचे आहे. काठाच्या फरशीला पहार लागू नये म्हणून ती स्वतः लक्ष ठेवणार आहे.

आपला,
एक ग्राहक
साखर पेठ, सोलापूर