प्रभुभोजन न घेतलेल्या मुलास

जि. यवतमाळ

चि. सुबोध यास,
प्रभू येशूच्या नावाने अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नागपूरच्या संजीवन सभेत आजूबाजूचे सगळे ढसाढसा रडत असताना तुझे डोळे कोरडेच राहिले, त्यामुळे आपला पश्चात्ताप खरा नाही अशी शंका तुझ्या मनात शिरली, आणि पुढच्या रविवारी तू प्रभुभोजनाची भाकर व प्याला न घेताच उठून आलास, असे तू लिहिले आहेस. तुझ्या बाबांचे म्हणणे पडले की पोराला थोडे दिवस गावाकडे बोलावून घ्यावे. मला मात्र तुझ्या पत्राला नीट उत्तर देणे अधिक गरजेचे वाटले.

अश्रूंना मी कमी लेखत नाही. 1905 साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन झाले, तेव्हा मुली तासन्‌तास रडून आपापली पापे कबूल करीत होत्या. परंतु पश्चात्ताप अश्रूंनी मोजावा असे शास्त्रात कुठेही सांगितलेले नाही. उलट एसावाने अश्रू गाळीत आशीर्वाद मागितला तरी त्याला तो मिळाला नाही, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 12 व्या अध्यायात आहे.

आपल्या शिवारातले ते गृहस्थ तुला आठवत असतील. उन्हाळ्यात सभा भरली की ते सर्वांच्या पुढे गुडघे टेकून रडत, आणि पावसाच्या आधी वखरणी करताना शेजाऱ्याच्या बाजूने वखर थोडे आत घालत. दोन शेतांमधला धुरा असा कोरत गेला की दरसाल काही दिसू नये, पण काही वर्षांत पऱ्हाटीचे एक तास मावेल एवढी जमीन इकडे यावी. त्या वेळचे आपले पाळक, जे पाळकांना शिकवणारी सेमिनरी पुण्याला हलण्याआधी यवतमाळातच शिकलेले आणि बोलायला जरा रोखठोक होते, त्यांच्या घरी गेले, शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवू नये हे अनुवाद या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायातले वचन त्यांनी वाचून दाखवले आणि चहा न घेताच परतले. पुढे त्या गृहस्थांनी मोजणी वगैरे काही न मागवता शेजाऱ्याला धुऱ्यावर नेले, जुना दगड कुठे होता ते त्यालाच दाखवायला सांगितले, आणि स्वतः सब्बलीने खड्डा करून दगड तिथे रोवला. पीक उभे होते. पलीकडे गेलेल्या तासाचा कापूसही त्यांनी वेचला नाही. त्या दिवशी ते रडले असे कोणी सांगत नाही.

‘मी पाप केले आहे’ हे वाक्य पवित्र शास्त्रात किती जणांच्या तोंडी आहे, ते एकदा पाहून ठेव. गारांचा मार पडला तेव्हा मिसरचा राजा फारो तसे म्हणाला आणि गारा थांबताच पुन्हा उलटला. शौल राजाही तसेच म्हणाला, पण पुढच्याच श्वासात, वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख, अशी त्याने शमुवेल संदेष्ट्याला गळ घातली. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे म्हटल्यावर दावीदही तेच बोलला. मात्र त्याने मानाचे नाव काढले नाही, शुद्ध हृदय मागितले. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाचे उदाहरण मला सर्वांत जड वाटते. त्याने पाप कबूल केले, रुप्याची ती तीस नाणी याजकांना परतही केली. तरीही तो ज्याचा घात केला त्याच्याकडे न जाता एकटाच निघून गेला. प्रभूला नाकारून बाहेर जाऊन रडलेला पेत्र शिष्यांतच राहिला, आणि प्रभूने त्याला तिबेरियाच्या किनाऱ्यावर गाठले. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 7 व्या अध्यायात देवाच्या इच्छेनुसार होणारे दुःख आणि जगाचे दुःख असे जे दोन प्रकार पौल सांगतो, ते या दोघांत मला स्पष्ट दिसतात.

आता तुझ्याबद्दल. तुझ्या पत्रात ‘मी फार नीच आहे’, ‘माझे मन दगड झाले आहे’ अशी वाक्ये पानभर आहेत, आणि शेवटी, जाता जाता लिहावी तशी, एक ओळ आहे: खानावळीच्या हिशेबात तुझे पैसे कमी भरले गेले, ते जेवण वाढणाऱ्या पोराने खाल्ले असे मालकाने ठरवले, आणि तू गप्प बसलास. पवित्र आत्मा पापाची जाणीव करून देतो तेव्हा तो त्या पापाला नाव देतो, असे माझे मत आहे. नुसते ‘मी वाईट, मी वाईट’ म्हणत राहण्याने खोलीतला अंधार तेवढा वाढतो, आणि खरे सांगायचे तर ते त्या मालकासमोर उभे राहण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते. तू कोरडा आहेस म्हणतोस, पण ती ओळ तुझ्याकडून लिहून कोणी घेतली?

तेव्हा मालकाकडे जा आणि त्या मुलाच्या देखत सांग. ‘काहीतरी गैरसमज झाला’ असे म्हणू नकोस. पैसे मी भरले नव्हते आणि याच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प राहिलो, असे सरळ म्हण. गणना या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा असे आहे, जकातदार जक्कय तर चौपट परत देण्याची भाषा बोलला. ती काही क्षमेची किंमत नव्हती, कारण प्रभू आधीच त्याच्या घरी उतरला होता. मुलाच्या पगारातून कापून घेतले असेल तर त्याला त्याचे वेगळे दे. यासाठी बाबांकडे पैसे मागू नकोस, आणि मीही गुपचूप पाठवणार नाही. शिकवणीचे जे मिळतात त्यातूनच दे.

प्रभुभोजनाबद्दल एवढेच की, माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे, असे पौल लिहितो. परीक्षा करून लांब बसावे, असे तो म्हणत नाही. मालकाकडे जाऊन आलास की येत्या रविवारी मेजाजवळ जा, डोळे भरोत वा न भरोत.

तुझ्या पत्रात त्या मुलाचे नाव कुठेही नाही. ते त्याला विचार आणि मला कळव. आम्ही घरच्या प्रार्थनेत ते घेऊ.

तुझी,
आई