पोट वाचायला शिकणाऱ्या सईस

फोंडा, गोवा

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

रेडिओलॉजीत एमडी झाल्यावर स्वतःचं स्कॅन सेंटर न काढता कॉलेजातच राहायचं, आणि त्यातही पोटाच्या इमेजिंगचंच काम धरायचं, हा तुझा विचार मला मनापासून आवडला. हातात पैसे कमी पडतील, ते तुला माहीत आहेच.

कागदावरची वाट सरळ आहे. एमडीनंतर एक वर्ष सीनियर रेसिडेन्सी, मग असिस्टंट प्रोफेसर, चार वर्षांनी असोसिएट, पुढे तीन वर्षांनी प्रोफेसर, आणि प्रत्येक पायरीला छापलेले पेपर. नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज भरताना एनएमसीचं (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं) ताजं परिपत्रक स्वतः वाच. जमल्यास मधलं एक वर्ष मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलला किंवा दिल्लीच्या आयएलबीएस या लिव्हरच्या संस्थेत काढ. तिथे एका महिन्यात जेवढे लिव्हर पाहशील, तेवढे इथे पाहायला फार दिवस लागतील.

पण खरी शिकवण कन्सोलवर, म्हणजे स्कॅनच्या पडद्यासमोरच मिळते. लिव्हरचा सीटी म्हणजे सगळा वेळेचा हिशेब. निरोगी लिव्हरला तीन हिस्से रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून येतं आणि एक हिस्सा धमनीतून. लिव्हरचा कॅन्सर मात्र धमनीवरच पोसतो. म्हणून कॉन्ट्रास्ट (स्कॅनवर उजळणारं, शिरेतून द्यायचं औषध) दिल्यावर साधारण 35 सेकंदांनी गाठ उजळते, 70 सेकंदांनी बाकीचं लिव्हर उजळतं आणि तीन ते पाच मिनिटांनी गाठ काळी पडते. या तीन वेळा म्हणजे तीन फेज. पहिला फेज चुकला तर पुढचे दोन कितीही सुंदर आले तरी निदान अधांतरी राहतं. तो चुकतो बहुतेक वेळा सुईपाशी. वॉर्डातून पेशंट मनगटावर बारीक निळी 22 नंबरची सुई घेऊन येतो, तिच्यातून सेकंदाला 4 मिली कॉन्ट्रास्ट देणं जमत नाही, मग टेक्निशियन वेग निम्म्यावर आणतो आणि धमनी फिकी राहते. कोपरापाशी त्याहून जाड, हिरवी 18 किंवा गुलाबी 20 घालून घे. हृदय अशक्त असेल तर ठरावीक सेकंद मोजू नकोस, महाधमनीवर ट्रॅकर लाव, म्हणजे कॉन्ट्रास्ट तिथे पोचल्यावरच मशीन स्कॅन सुरू करेल. फेज बरोबर आला का, हे पेशंट टेबलावर असतानाच बघ: पोर्टल व्हेन किंचित भरलेली हवी, लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक व्हेन्स अजून रिकाम्या हव्यात.

दुसरी खोट श्वासाची. मशीनमधली रेकॉर्ड केलेली सूचना बऱ्याचदा इंग्रजीत असते. काणकोणच्या आजीला ती कळत नाही. ती मधेच श्वास सोडते, डायफ्रामची (छाती-पोटामधल्या पडद्याची) कडा दुहेरी दिसते आणि लिव्हरच्या माथ्यावरची एक सेंटिमीटरची गाठ दोन कापांच्या मधे हरवते. स्कॅनआधी शेजारी उभी राहून कोकणीत एकदा सराव करून घे: ‘व्हड उस्वास घे, धरून दवर, आतां सोड.’ अर्धा मिनिट जातो, पण पुन्हा स्कॅन करायची, म्हणजे पुन्हा रेडिएशन द्यायची वेळ येत नाही.

फॉर्मवर नुसतं ‘पोटदुखी’ लिहिलेलं असेल तर रिपोर्टला हात लावण्याआधी वॉर्डात फोन कर. दुखणं कधी सुरू झालं, हा प्रश्न आधी विचार. पॅन्क्रियाटायटिसमध्ये (स्वादुपिंडाच्या सुजेत) पहिल्या दिवशी सीटी काढला तर मेलेला भाग अजून नीट दिसत नाही, तो ठरायला 72 तास तरी लागतात. पहिल्या दिवशी ‘नेक्रोसिस नाही’, म्हणजे मेलेला भाग नाही, असं तू लिहिलंस की वॉर्ड निर्धास्त होतो. त्याऐवजी दुखण्याचा कितवा तास आहे ते लिही आणि पुन्हा केव्हा पाहावं तेही लिही. तसंच लहान आतडं आणि सीकमच्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या) सांध्यावर जाडी दिसली तर टीबी, क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार) की कॅन्सर हे ओढूनताणून एका शब्दात बसवू नकोस. बायोप्सी कुठून घ्यावी हे सांगणारी ओळ सर्जनच्या जास्त कामाची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक वही कर. तारीख, केस नंबर (नाव नको), मी काय लिहिलं, ऑपरेशनमध्ये किंवा पॅथॉलॉजीत काय निघालं. चुकलं असेल तर का, तेही: दिसलंच नाही, दिसलं पण अर्थ चुकला, की पहिली गोष्ट सापडल्यावर शोध थांबवला. तिसरं कारण फार घात करतं. अपेंडिक्स मिळालं की नजर सैलावते आणि फुफ्फुसांचा तळ, मणके, मेसेंटरीच्या (आतडी धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) शिरा न बघताच राहतात. दर आठवड्याला पॅथॉलॉजीत जाऊन रकाने भर. रिपोर्ट लिहिणारे खूप आहेत. त्या रिपोर्टचं पुढे काय झालं हे शोधत जातो, तोच शिकवू शकतो, असं माझं ठाम मत आहे.

थीसिसचा प्रश्नही त्याच वहीतून निघू दे. दुर्मीळ आजार घेऊ नकोस, दोन वर्षांत बाराच केस हाती लागतील. दर आठवड्याला दाराशी येणारा आजार घे, नमुना किती हवा ते स्टॅटिस्टिशियनला आधीच विचार, आणि एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आल्याशिवाय पहिला पेशंट मोजू नकोस.

ज्युनिअर मुलांना शिकवताना रिपोर्ट झाकून ठेव. आधी त्यांना बोलू दे, चुकू दे.

चवथीला येशील तेव्हा वही घेऊन ये. पहिली वीस पानं बसून बघू, आणि ‘का चुकलं’चा रकाना रिकामा राहिला असेल तिथे आधी थांबू.

तुझी,
आई