आई, या बाजारात तू एकटी जाशील

लीड्स (इंग्लंड), फेब्रुवारी

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "तू दिवसभर ऑफिसात, मला इंग्रजी येत नाही, मी चार भिंतींत बसून काय करू? बाबांनाच ने जूनमध्ये." तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. फोनवर सगळं बोलून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तू यायचंच आहेस. आणि तू रोज एकटी जाऊन येशील अशी जागा मी तुझ्यासाठी हेरून ठेवली आहे, कर्कगेट मार्केट.

बाजार शहराच्या मधोमध, बस स्थानकाला लागून आहे. आमच्या घराजवळून एकच बस, शेवटच्या थांब्यावर उतरायचं, म्हणजे चुकायची भीती नाही. सगळा बाजार छपराखाली. इथे जूनमध्येही पाऊस येतो, पण आत शिरलीस की छत्री मिटून निवांत हिंडायचं. बाजार महापालिकेचा आहे आणि आत गाळ्यांची रांगच्या रांग: मटणवाल्यांची एक गल्ली, मासेवाल्यांची वेगळी, मग भाजी, चीज, कापड, बटणं आणि चेन, पडदे, चपला. घड्याळदुरुस्तीवालाही आहे. बाबा, तुमच्या जुन्या घड्याळाचा पट्टा इथे नक्की बसवून मिळेल, बरोबर घेऊन या.

भाजीचं आधी सांगते, कारण तुझी खरी काळजी तीच. इथले बरेच भाजीवाले माल वाडग्यांत रचून ठेवतात. एका वाडग्यात टोमॅटो, एकात ढोबळी मिरची, एकात लिंबं, कधी भेंडीसुद्धा. पुढे पुठ्ठ्यावर भाव लिहिलेला असतो, पुष्कळदा एक पाउंडाला एक वाडगा. आपण बोट दाखवायचं, तो वाडगा उचलून थेट पिशवीत उपडा करतो, आपण नाणं द्यायचं. झाला व्यवहार. वाडग्यात काय आहे ते डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे वरचा एक टोमॅटो उचलून खालचा बघितलास तरी कुणी ओरडत नाही. मोठ्या दुकानात सगळं प्लास्टिकमध्ये बंद, हात लावायची सोय नाही. तिथे तुला करमणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे.

आणि भाषेचं म्हणशील, तर याच बाजारातली एक गोष्ट ऐक. मायकेल मार्क्स नावाचा एक ज्यू तरुण स्लोनिम गावाहून इकडे आला. ते गाव आता बेलारूसमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. त्याचं इंग्रजी जेमतेम. गावोगाव फिरून किरकोळ माल विकायचा. उधारीवर माल घेऊन १८८४ साली त्याने या बाजारात एक टेबल मांडलं. सुई-दोरा, बटणं, मोजे असला माल, सगळा एका पेनीला, आणि वर पाटी: भाव विचारू नका, एक पेनी. बोलायची गरजच ठेवली नाही! त्यातून लोकांनाही सोपं झालं आणि धंदा असा वाढला की १८९४ मध्ये टॉमस स्पेन्सर भागीदार झाला. ते मार्क्स अँड स्पेन्सर म्हणजे हेच. बाजारात आजही त्यांचा छोटा गाळा आहे, आठवण म्हणून ठेवलेला. मी त्याच्यासमोरून जाते तेव्हा मला दर वेळी बळ येतं. वाडग्यांवरचे भाव बघून तर वाटतं, त्याची पाटी अजून उतरलेलीच नाही.

दर्शनी भाग १९०४ चा. वर काचेचं छप्पर, नक्षीदार लोखंडी खांब आणि सज्ज्याला खालून आधार देणारे ड्रॅगन. तू मान वर करून बघतच राहशील. मागचा भाग नवा आहे, कारण १९७५ च्या डिसेंबरात इथे प्रचंड आग लागली आणि बाजाराचा बराचसा भाग जळून गेला. अग्निशमन दलाने हा १९०४ चा भाग वाचवला आणि जीवितहानी झाली नाही. पुढे १९७६ आणि १९८१ मध्ये नवे हॉल बांधले.

मासळीच्या गल्लीत तू रमशील. इथला बांगडा आपल्यापेक्षा लांबट, पाठीवर वेडेवाकडे काळे पट्टे, आणि अंगाला तेल भरपूर. तिखलं इतकं छान होतं म्हणून सांगू! मासेवाला साफ करून देतो. बोटांनी एवढे एवढे तुकडे अशी खूण केली की तो कालवणाजोगं कापतो. डोकं हवं असेल तर सुरी चालवायच्या आधीच खुणेने सांगायचं, नाहीतर तो ते टाकून देतो. तिरफळं मात्र येताना घेऊन ये, माझी संपत आली आहेत.

भूक लागली की मागच्या हॉलमध्ये खाण्याचे गाळे आहेत आणि मध्ये सगळ्यांची मिळून टेबलं. व्हिएतनामी, भारतीय, आणखी कुठलं कुठलं. एकाने हे आणायचं, दुसऱ्याने ते, आणि एकाच टेबलावर खायचं. शनिवारी आजीआजोबा चहाचा कप घेऊन तासन्‌तास बसलेले असतात, कुणी उठवत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: आमच्या या यॉर्कशर भागात पुष्कळ ठिकाणी मासे आणि बटाट्याच्या फोडी गाईच्या चरबीत तळतात. बाबा, ते आपण विचारूनच घेऊ, मी असेन बरोबर.

आणि आई, आत्ता रुबार्बचा हंगाम आहे. लांबलचक गुलाबी देठ, सेलरीसारखे दिसणारे, चवीला कैरीसारखे आंबट. पानं विषारी, ती खायची नाहीत. थंडीत जवळच्याच वेकफिल्ड भागात ते अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात तोडतात, कारण उजेड लागला की देठ कोवळे राहत नाहीत. काल एक जुडी आणून मेथांबा केला. फोडी पटकन विरघळल्या, पण चव! मेथ्या आणि गूळ कैरीच्याच हिशोबाने घालू का कमी, ते कळव.

तू आलीस की पहिले दोन-तीन दिवस मी बरोबर येईन, मग पिशवी आणि सुटी नाणी तुझ्या हातात देईन. व्हिसाचा फॉर्म याच आठवड्यात भरायला घेते. बाबा, दोघांच्याही पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा. आईचाही.

तुमची लेक