जपानचे आठ तास

कुडाळ,
रविवार, दुपार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल मिळालं. सहावी-सातवीची मुलं, आठ तास, विषय जपान, आणि तू विचारतोस, सुरुवात कुठून करू?

कुठून करू नकोस ते आधी सांगतो. किमोनो, सामुराई, चेरीचा बहर आणि बुलेट ट्रेन असा तक्ता पहिल्या दिवशी भिंतीवर लावू नकोस. मी पहिल्या वर्षी नेमकं तेच केलं. वर मुलांना ऐकवलं, "बघा, तिथली मुलं आपला वर्ग स्वतः झाडतात, जेवण एकमेकांना वाढतात." मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, आम्ही पण रोज झाडतो की. खिचडी पण आम्हीच वाढतो." खरंच होतं ते. आमच्याकडे शिपाई नाही, सकाळी मुलंच झाडू हातात घेतात. एका दूरच्या देशाची मी छडी केली होती आणि ती आपल्याच मुलांवर उगारली होती. अजून ते आठवलं की वाईट वाटतं. आता मी एवढंच विचारतो: तिथल्या शाळांमध्ये झाडणं हा शिकण्याचा भाग मानतात, मग आपण झाडतो ते काय मानून? तास पुरत नाही, इतकी मुलं बोलतात.

पहिला तास माझ्या मते अक्षरांचा हवा. पुठ्ठ्याची नऊ कार्डं कर. एका बाजूला देवनागरीत का, ता, ना, मा, या, रा, वा, सा, हा, आणि मागे त्याच उच्चाराचं हिरागाना, म्हणजे जपानी लिपीतलं, अक्षर. कार्डं विस्कटून दे आणि आपल्या बाराखडीच्या क्रमाने लावायला सांग. मुलं चटकन लावतील, सा आणि हा शेवटी जातील. मग जपानी मुलं पाठ करतात तो क्रम फळ्यावर लिही: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. स्वर आ, इ, उ, ए, ओ, तेही आपल्याच ओळीत. वर्गात एकदम गलका होतो. सगळं आपल्यासारखं, मग सा आणि हा मध्येच कसे घुसले? उत्तर लगेच देऊ नकोस. सा कुठे बसलाय? क आणि त यांच्या मध्ये, जिथे आपला च असतो. हा कुठे? न आणि म यांच्या मध्ये, म्हणजे प च्या जागी. जुन्या जपानीत आजचा हा खरोखरच पा होता, आणि सा चा उच्चार च च्या जवळचा असावा असं अभ्यासक मानतात. मंत्रांसाठी सिद्धम् ही जुनी भारतीय लिपी शिकणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंनी आपल्या भारतीय वर्णमालेच्या क्रमावर स्वतःची अक्षरं बसवली. पुढे उच्चार बदलले, जागा तशाच राहिल्या. भाषेच्या पोटात इतिहास असतो असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो, पण मुलांना तो हाताने सापडलेला मी फक्त या तासाला पाहिला.

त्याच धाग्याने दुसरा तास. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोचला. ७५२ साली नारा इथल्या तोदाइजी मंदिरातल्या बुद्धाच्या प्रचंड कांस्यमूर्तीचे डोळे त्याने रंगवले. त्याच्या कुंचल्याला लांब दोर बांधला होता आणि जमलेल्या लोकांनी तो धरला होता, म्हणजे डोळे उघडण्यात सगळ्यांचा हात लागला. तो कुंचला आणि तो दोर शोसोइन या भांडारात आजही जपून ठेवलेले आहेत. तू भिंतीवर मोठ्या कागदावर डोळ्यांविना चेहरा काढ, ब्रशला लोकर बांध, ती वर्गभर फिरव आणि एका मुलाला डोळे रंगवू दे. मूर्तीचे डोळे आणि प्राणप्रतिष्ठा यांबद्दल मुलं आपल्या घरचं आपणहून सांगतील, तू गप्प बसायचं.

गोष्टीसाठी कामिशिबाई घे, म्हणजे कागदी नाटक. १९३० च्या दशकात तिथले गोष्टीवाले सायकलवर लाकडी चौकट बांधून गल्लीत यायचे, दोन लाकडी पट्ट्या आपटून पोरं जमवायचे, खाऊ विकायचे आणि एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायचे. मजकूर चित्राच्या मागे असतो. समोर पहिलं चित्र असताना सांगणाऱ्यासमोर शेवटच्या चित्राची पाठ येते, म्हणून पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या चित्रामागे लिहावा लागतो. हे मुलांना आधी चुकू दे. इथे आमच्या उशाशी पिंगुळी आहे, त्यामुळे चित्रकथीची, म्हणजे एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगायची, पोथी आमच्या मुलांनी पाहिलेली असते. तुझ्या पुण्यातल्या मुलांना तिचे फोटो तरी दाखव.

आणि या नाटकासाठी गोष्ट कुठली, तर हामागुची गोर्योची. १८५४ च्या भूकंपानंतर आजच्या वाकायामा प्रांतातल्या त्याच्या गावावर त्सुनामी आली. अंधारात लोकांना वाट दिसावी म्हणून त्याने भाताच्या पेंढ्या पेटवल्या, त्या उजेडाच्या दिशेने लोक उंचावर पोचले. पुढे ही गोष्ट पाठ्यपुस्तकात गेली तेव्हा त्यात टेकडीवरचा म्हातारा आला, लाट येण्याआधीच पेटवलेलं पीक आलं. खरा गोर्यो तेव्हा पस्तिशीच्या आतला होता. मला मात्र त्याचं नंतरचं काम जास्त मोठं वाटतं आणि तेच गोष्टीतून गळतं: उद्ध्वस्त गावाला मजुरी मिळावी म्हणून त्याने समुद्राकाठी बांध घालायला काढला. १९४६ च्या लाटेत त्या बांधाने बरंचसं गाव वाचवलं. मुलांचे दोन गट कर, एक पुस्तकातली गोष्ट करील, दुसरा घडलेली. आमच्या वेंगुर्ल्याकडच्या मुलांनी बांधाचीच चार चित्रं काढली.

हिरोशिमाबद्दल तू घाबरत लिहिलं आहेस. टाळू नकोस, पण कागदी बगळ्यांवर थांबूही नकोस. ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला तेव्हा तिथली सादाको सासाकी दोन वर्षांची होती, १९५५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली. हजार कागदी बगळे दुमडले की इच्छा पुरी होते, या समजुतीने ती आजारपणात बगळे करत होती. हजार बगळे पुरे होण्याआधी ती गेली असं सगळे सांगतात. घरच्यांच्या सांगण्यानुसार तिचे हजार पुरे झाले होते, तरी ती कागद दुमडत राहिली. हे वर्गात सांगताना माझा आवाज दरवेळी जातो. त्याच्या आदल्या तासाला मात्र नकाशा उघड: १९१० ते १९४५ कोरियावर जपानचं राज्य, १९४२ पासून अंदमानात जपानी सैन्य, तिथल्या लोकांचे हाल. हिरोशिमात मेलेल्यांमध्ये कोरियन माणसंही होती, शांतिउद्यानात त्यांचं वेगळं स्मारक आहे. एकच बाजू ऐकलेली मुलं नुसती कीव किंवा नुसतं कौतुक घेऊन परततात. दोन्ही गोष्टी ऐकलेली मुलं प्रश्न घेऊन घरी जातात.

चहा, हायकू, हिनामात्सुरी या मुलींच्या सणातल्या बाहुल्या यांना मिळून दोन तास पुरे. शेवटचा तास सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात घे. ते जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. पाटी वाचायला लावू नकोस. एका जागी दहा मिनिटं बसवून विचार, पाणी इथूनच का वळवलं असेल?

अक्षरांच्या कार्डांचा एक संच मंगळवारी टपालात टाकतो. सा आणि हा मुद्दाम वेगळ्या रंगात केलेले नाहीत. पहिल्या तासाला मुलं काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहून पाठव.

वहिनींना नमस्कार, बाळाला आशीर्वाद.

तुझा,
कुडाळचा मास्तर